हॉस्टेलमध्ये नवे आहात? आधी एक डाव मांडा

सामान लावून झालं, सोडायला आलेली माणसं परत गेली, रूममेटला नाव, गाव, शाखा विचारून झाली. संध्याकाळचे सात वाजलेत आणि पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही. गप्पा रंगायला ओळख लागते आणि ओळख व्हायला गप्पा लागतात, असा हा पेच. खेळाचं बरं असतं. विषय समोर मांडलेलाच असतो. "पाळी कुणाची?", "राणी कव्हर झाली का?", "हा रडीचा डाव हं" एवढ्यावर तासभर सहज जातो, आणि तो तास संपेपर्यंत समोरचा चिडका आहे, दिलदार आहे की नुसताच विनोदी, हे बऱ्यापैकी कळलेलं असतं.

वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्यांनी कुठून सुरुवात करायची, कोणते खेळ आधी आणि कोणते नंतर, मस्ती कुठे थांबवायची, हे साधारण त्याच क्रमाने पुढे लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खेळ म्हणून जो उत्तम, तो हॉस्टेलसाठी उत्तम असेलच असं नाही. इथे खेळाने करायचं काम वेगळं आहे. अनोळखी माणसाला अर्ध्यातून येऊन बसता आलं पाहिजे आणि हरून उठताना त्याला परत यावंसं वाटलं पाहिजे.

आधी जागा हेरा

मैत्री स्वभाव जुळल्याने होते असं आपण मानतो. खोली कुठे मिळाली याचा त्यात किती वाटा असतो, हे सहसा लक्षात येत नाही. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक या समाजमानसशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत नेमकं हेच तपासलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के एकमेकांचे जवळचे मित्र झाले होते. मध्ये एक दार सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. सगळी दारं एकाच मजल्यावरची, अंतर काही पावलांचं. जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या तर दुसऱ्या मजल्यावरही जास्त ओळखी होत्या, कारण येता-जाता लोक त्यांच्या दारावरून जात.

यातून पहिली कामाची गोष्ट निघते. खोलीत जागे असाल आणि अभ्यास चालू नसेल, तर पहिले दोन-तीन आठवडे दार उघडं ठेवा. अर्थात रूममेटला विचारून, कारण ती खोली त्याचीही आहे. उघड्या दारातून डोकावून "काय चाललंय?" म्हणणं सोपं असतं. बंद दारावर टकटक करायला काहीतरी कारण लागतं.

दुसरी गोष्ट, डाव मांडायचा तो लोकांच्या वाटेवर. कॉमन रूम, जिन्याजवळचा रुंद व्हरांडा, मेसबाहेरचे बाक, कपडे धुण्याच्या मशीनजवळची जागा. या शेवटच्या जागेला कमी लेखू नका. मशीन फिरत असेपर्यंत तिथे थांबलेल्या माणसाला दुसरं काही काम नसतं. तुमची खोली पार कोपऱ्यात असेल, तर लोक तिथवर येतील याची वाट पाहत बसू नका. पत्त्यांचा कॅट खिशात टाका आणि जिन्यापाशी या.

पहिला खेळ कोणता?

पहिल्या आठवड्यात मी चारच गोष्टी बघेन. नियम दोन मिनिटांत सांगून व्हावेत. डाव पंधरा-वीस मिनिटांत संपावा. मध्येच आणखी एक जण आला तर फार उलथापालथ न करता पुढच्या डावात घेता यावा. आणि नशिबाचा थोडा भाग असावा, म्हणजे नवखाही कधीतरी जिंकेल.

या कसोटीवर बुद्धिबळ पहिल्याच दिवशी बाद होतं. दोघं मान खाली घालून बसतात आणि बाकीचे चुळबुळ करून निघून जातात. (बुद्धिबळाची हॉस्टेलमधली खरी जागा वेगळी आहे, ती पुढे येईल.) कॅरम बराच बरा. चौघं खेळतात, चौघं डोक्यावर उभे राहून सल्ले देतात, आणि सल्ले देणाऱ्यांची आपसात ओळख होते. फक्त कॅरमला एक रोग लागतो, तो म्हणजे "जिंकेल तो बसेल". दोन पट्टीचे खेळाडू बोर्ड अडवून बसतात. नवा माणूस तासभर थांबतो, चार मिनिटांत हरतो आणि पुन्हा फिरकत नाही. पहिल्या दिवसापासून नियम करून टाका की जिंकलात तरी लागोपाठ दोन बोर्डांनंतर उठायचं. जोड्याही दरवेळी बदला. सगळ्यात चांगल्या खेळणाऱ्यासमोर, म्हणजे भिडूच्या जागी, सगळ्यात नवख्याला बसवा. त्याला शिकायला मिळतं आणि उस्तादाला जरा आव्हान.

टेबल टेनिसचं टेबल असेल तर उत्तमच. २००१ पर्यंत गेम २१ गुणांचा असे, आता तो ११ चा आहे. त्यामुळे रांगेत थांबणाऱ्याला फार ताटकळावं लागत नाही. पण टेबल एक आणि माणसं दहा असतील, तर गुणबिण सोडा आणि गोल फिरत खेळा. अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला. एकदा चेंडू मारायचा, बॅट टेबलावर ठेवायची आणि टेबलाला वळसा घालून पलीकडच्या रांगेच्या शेवटी जायचं. मागच्याने ती बॅट उचलून पुढचा फटका मारायचा. चुकला तो बाद. माणसं कमी होत जातात तशी धावपळ वाढते. शेवटी दोघं उरले की त्यांनी तीन गुणांचा सामना खेळायचा. यात चांगला खेळाडूही धापा टाकत हुकतो, म्हणून हा खेळ सगळ्यांचा होतो. चेंडू मात्र चार-पाच जास्तीचे ठेवा. ते कपाटाखाली जातात, कुणाच्या तरी पायाखाली फुटतात आणि ऐन रंगात खेळ थांबतो.

एक कॅट पुरतो

पत्त्यांइतकी स्वस्त आणि टिकाऊ ओळख दुसरी नाही. सुरुवात बदाम सातने करा. सगळे पत्ते वाटायचे. ज्याच्याकडे बदामाची सत्ती, त्याने ती टाकून सुरुवात करायची. मग पाळीपाळीने एकतर आधीच लागलेल्या रंगाला वर किंवा खाली पत्ता जोडायचा किंवा नव्या रंगाची सत्ती उघडायची. जोडण्यासारखं काहीच नसेल तरच पास. ज्याचा हात आधी संपेल तो जिंकला. पाच मिनिटांत कुणालाही येतो, आणि तरीही त्यात थोडा खट्याळपणा आहे. दुसरा पत्ता टाकता येत असताना किलवरची सत्ती दाबून बसलेला माणूस चार जणांचे हात अडवून निरागस चेहऱ्याने बघत असतो. ही दाबून धरण्याची कला कळली की पुढच्या डावात चेष्टामस्करी आपोआप सुरू होते.

त्याच्या पुढची पायरी ब्लफ. कुणी त्याला चॅलेंज म्हणतं. पत्ते उपडे टाकायचे आणि "तीन गुलाम" असं सांगायचं, खरं असो वा खोटं. संशय आला तर समोरच्याने उलटून बघायचं. थाप निघाली तर ढीग टाकणाऱ्याने उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणाऱ्याने. अबोल माणसं या खेळात चमकतात, कारण त्यांच्यावर कुणाचा संशयच जात नाही. दिवसभर तोंडातून शब्द न काढलेल्या मुलीने शांतपणे पाच एक्के टाकल्याचं उघडकीला आलं की तिची ओळख मजल्यावर कायमची होते.

रमी, ब्रिज आणि हुकमाचे मोठे खेळ पुढे ठेवा. भिडू ठरले, गट घट्ट झाला की ते जास्त रंगतात. आणि पैसे लावून खेळायचं नाही, दहा-वीससुद्धा नाही. बऱ्याच वसतिगृहांत त्यावर बंदी असते हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. ज्याच्याकडे महिनाअखेर पैसे नसतात, तो कारण न सांगता यायचा बंद होतो, आणि बाकीच्यांना वाटतं त्याला कंटाळा आला.

चिठ्ठ्यांचा खेळ

डम शराज सगळ्यांना माहीत असतं, पण सिनेमांच्या नावांवर खेळलं तर दुसऱ्या भागातून किंवा दुसऱ्या भाषेतून आलेली मुलं बघत बसतात. त्याऐवजी हा प्रकार करा. आठ ते चौदा जणांत छान होतो.

१. प्रत्येकाने चार चिठ्ठ्या लिहायच्या. सगळ्यांना माहीत असेल अशी वस्तू, प्राणी, कृती किंवा प्रसिद्ध व्यक्ती. दोन तरी चिठ्ठ्या हॉस्टेलातल्याच असाव्यात: सतत पळून जाणारी वरच्या मजल्याची मांजर, गळका नळ, पहाटे पाचला वाजणारा कुणाचा तरी गजर.

२. चिठ्ठ्या एका भांड्यात टाका आणि दोन गट करा. रूममेट आणि जुने मित्र मुद्दाम वेगवेगळ्या गटांत घाला.

३. पहिली फेरी बोलून. एका मिनिटात, तो शब्द न उच्चारता, आपल्या गटाला जमेल तितक्या चिठ्ठ्या ओळखायला लावायच्या. ओळखलेल्या बाजूला ठेवायच्या. मग दुसऱ्या गटाचा मिनिट. भांडं रिकामं झालं की फेरी संपली. गुण मोजा.

४. सगळ्या चिठ्ठ्या परत भांड्यात. दुसऱ्या फेरीत फक्त एकच शब्द वापरायचा.

५. त्याच चिठ्ठ्या तिसऱ्यांदा. आता तोंड बंद, फक्त हावभाव.

चिठ्ठ्या त्याच राहतात, हीच यातली मेख. पहिल्या फेरीत कुणीतरी "गळका नळ" समजावताना जे काही बरळलं असेल, तेच दुसऱ्या फेरीत एका शब्दात येतं आणि तिसऱ्या फेरीत नुसत्या भुवईच्या हालचालीत. तासाभरात या गटाचे स्वतःचे पाच-सहा विनोद तयार होतात. पुढचे कित्येक दिवस मेसच्या रांगेत कुणी तशी भुवई उडवली की दहा जण हसतात आणि बाकीच्यांना काय झालं ते कळत नाही.

माफिया: पंधरा जणांची रात्र

हा खेळ विद्यापीठातच जन्मला. १९८६ मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातल्या दिमित्री डेव्हिडॉफने तो तयार केला आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्गांतून, वसतिगृहांतून तो पसरला. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकी गेम-रचनाकाराने त्याला लांडगा-माणसांचं, म्हणजे वेअरवुल्फचं, रूप दिलं. तुमच्यातलं कुणी तो त्या नावाने खेळलेलं असेल. मूळ कल्पना एकच. थोड्यांना सगळं माहीत असतं, बाकी बहुमत अंधारात असतं, आणि दोघांत सामना.

नऊ खेळाडू आणि एक सूत्रधार धरा. नऊ पत्ते काढा: दोन राजे म्हणजे माफिया, एक राणी म्हणजे डॉक्टर, एक एक्का म्हणजे पोलीस, बाकी पाच साधे पत्ते म्हणजे नागरिक. ते पिसून एकेक वाटा. आपला पत्ता पाहायचा, दाखवायचा नाही.

सूत्रधार म्हणतो, "रात्र झाली." सगळे डोळे मिटतात आणि हलकेच मांडीवर थाप देत राहतात, म्हणजे कोण हललं त्याचा आवाज कळत नाही. माफिया डोळे उघडून खुणेने बळी ठरवतात. मग डॉक्टर कुणाला वाचवायचं ते दाखवतो. शेवटी पोलीस "हा माफिया का?" अशा अर्थाने एकाकडे बोट करतो आणि सूत्रधार मानेनेच हो किंवा नाही सांगतो. "सकाळ झाली" म्हणताच रात्री कोण गेलं ते जाहीर होतं आणि वाद सुरू. बहुमताने एकाला बाहेर काढायचं, पुन्हा रात्र. दोन्ही माफिया सापडले तर शहर जिंकलं. माफिया आणि उरलेले यांची संख्या सारखी झाली तर माफिया जिंकले.

नव्या गटात दोन दुरुस्त्या केल्याशिवाय हा खेळ खेळू नका. एक, पहिल्या रात्री कुणी मरत नाही. नाहीतर ज्याला कुणी ओळखत नाही तोच आधी जातो आणि पुढचा अर्धा तास भिंतीला टेकून बसतो. बाद झालेल्याला सूत्रधाराचा मदतनीस करा. त्याला डोळे उघडे ठेवून सगळी लबाडी बघता येते आणि बऱ्याचदा तेच जास्त मजेचं असतं. दोन, आरोप करताना नाव घ्यायचं. "तो निळ्या शर्टवाला" चालणार नाही. नाव माहीत नसेल तर आधी विचारायचं, मग आरोप करायचा. अर्ध्या तासात पंधराही नावं तोंडावर बसतात.

सूत्रधार निवडताना डोकं वापरा. मोठा आवाज पुरेसा नाही. कोण गप्प पडलंय ते ओळखून "तुला काय वाटतं?" असं विचारणारा माणूस हवा. आणि रात्री उशिरा शेवटचा खेळ म्हणून माफिया नको. दिवसभर ज्याच्याशी गोड बोललो त्याने तोंडावर खोटं बोलावं, हे काही जणांना खरंच लागतं. त्यानंतर बदाम सातचा एखादा हलका डाव टाकून मगच उठा.

लाजऱ्यांसाठी: आठवडाभर चालणारे खेळ

सगळ्यांना घोळक्यात बसवत नाही. त्यांच्यासाठी बुद्धिबळ. व्हरांड्यात एका टेबलावर पट मांडून ठेवा. पांढरी मोहरी खालच्या मजल्याची, काळी वरच्या. दिवसाला प्रत्येक बाजूची एक चाल. शेजारी वही ठेवायची. ज्याला जी चाल सुचेल ती त्याने लिहायची, बाकीच्यांनी पुढे खूण करायची, आणि रात्रीच्या जेवणाआधी सर्वाधिक खुणांची चाल कुणीतरी पटावर करायची. १९९९ मध्ये गॅरी कास्पारोव्ह इंटरनेटवर "जगाविरुद्ध" खेळला, ते याच धर्तीवर. पन्नास हजारांहून जास्त लोकांनी मतं देऊन चाली ठरवल्या आणि कास्पारोव्ह ६२ चालींत जिंकला. तुमचा डाव महिनाभर चालेल. त्या वहीत कुणी "घोडा नको, हत्ती हलवा, कारण..." असं पानभर लिहायला लागलं, की हा कोण ते शोधत लोक त्याच्या खोलीपर्यंत जातात. हजार तुकड्यांचं चित्रकोडं कोपऱ्यातल्या टेबलावर उघडं ठेवलं तरी हेच होतं. येता-जाता दोन तुकडे लावायचे आणि निघायचं.

थोडा थरार हवा असेल तर चमच्यांचा खेळ. सगळी नावं एका वर्तुळात लिहा आणि प्रत्येकाला त्याच्या उजवीकडचं नाव चिठ्ठीवर द्या. वर्तुळ करायला विसरू नका. नुसत्या चिठ्ठ्या उचलल्या तर दोघांनाच एकमेकांची नावं येतात आणि साखळी तुटते. प्रत्येकाकडे एक प्लास्टिकचा चमचा. ज्याचा चमचा त्या क्षणी हातात नाही, त्याच्या खांद्याला त्याच्या शिकाऱ्याने आपला चमचा लावला की तो बाद, आणि त्याच्याकडची चिठ्ठी शिकाऱ्याला. मग आठवडाभर लोक चमचा हातात धरून दात घासताना दिसतात.

अशा खेळांना कुंपण लागतंच. वर्ग, वाचनालय, मेस, न्हाणीघर आणि दुसऱ्याची खोली इथे शिकार नाही. जिन्यावर धावायचं नाही. रात्री अकरानंतर सुट्टी. वॉर्डनला आधी कळवायचं. खेळण्यातली बंदूक किंवा तिच्यासारखं दिसणारं काहीही वापरायचं नाही, कारण लांबून बघणाऱ्याला ते खेळणं आहे हे कळत नाही. अमेरिकेतल्या गाउचर कॉलेजात २००५ मध्ये सुरू झालेला माणसं विरुद्ध झोंबी हा पाठलागाचा खेळ अनेक विद्यापीठांत पसरला. त्यात कोण खेळतंय ते दंडावर किंवा डोक्याला बांधलेल्या फडक्यावरून लगेच ओळखू येतं. हे कराच. न खेळणाऱ्याला चुकून खेळात ओढलं गेलं तर त्याला ती मस्ती वाटत नाही.

मैदान असेल तर फ्रिस्बी. अल्टिमेट या प्रकारात पंच नसतो, फाउल झाला की नाही ते खेळाडूंनीच आपसात ठरवायचं असतं, अगदी जागतिक स्पर्धांतही. सात-सात जण लागतात, पण चार-चारवरही भागतं. व्हिडिओ गेमचं मात्र एवढंच सांगेन: हेडफोन लावून आपापल्या खोलीत खेळलात तर शेजारी कळत नाही. एकाच पडद्यासमोर, प्रत्येक हरल्यावर कंट्रोलर पुढच्याकडे द्यायचा, अशा बोलीवर खेळा.

बोलावणं कसं द्यायचं

ग्रुपवर "आज कोण कोण खेळायला येणार?" असं विचारलं की दोन अंगठे येतात आणि विषय मरतो. कारण पहिला "मी" म्हणायला कुणी तयार नसतं. "मी साडेनऊला कॉमन रूममध्ये कॅट घेऊन बसतोय, दहापर्यंत आहे" असं लिहा. कुणी आलं नाही तर एकट्याने खेळायचा पेशन्स लावत बसा. ठरावीक वार, ठरावीक वेळ, ठरावीक जागा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला माणसं न विचारता येतात.

दारातून नुसतं बघत उभं असलेल्याला "ये ना, खेळ" म्हणू नका. त्याला नकार देणं सोपं असतं. "जरा गुण लिहिशील?" किंवा "माझे पत्ते दोन मिनिटं धर, फोन आलाय" म्हणा. लोक खेळायला नाही म्हणतात, मदतीला सहसा नाही म्हणत नाहीत.

तुम्हीच दारात उभे असाल, तर "पुढच्या डावात मला घ्याल का?" एवढं पुरतं. खेळ येत नसेल तर तसं सांगा. शिकवायची हौस प्रत्येक मजल्यावर एकाला तरी असतेच, आणि तो माणूस पहिला मित्र म्हणून वाईट नसतो.

मस्ती कुठे थांबवायची

ट्रुथ अँड डेअर पहिल्या महिन्यात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अनोळखी लोकांसमोर खासगी प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणं किंवा नकार देऊन रसभंग करणारा ठरणं, या दोन्हींत गंमत नाही. खेळायचंच असेल तर कारण न सांगता पास म्हणण्याची मुभा प्रत्येकाला हवी, आणि पास घेणाऱ्याला चिडवायचं नाही.

खोड्यांना माझी कसोटी तीन प्रश्नांची. ज्याच्यावर खोडी आहे तो पाच मिनिटांत सगळं पूर्ववत करू शकेल का? त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो का? उद्या त्याची परीक्षा, प्रवास किंवा वाईट बातमी तर नाही ना? चपलांच्या जोड्या अदलाबदल करणं किंवा खोलीभर फुगे भरणं यात बसतं. अंथरूण भिजवणं, औषधं, चष्मा, कागदपत्रं, लॅपटॉप लपवणं यात बसत नाही. आगीचा भोंगा तर कधीच वाजवायचा नाही. दोन खोट्या भोंग्यांनंतर खऱ्या वेळी कुणी बाहेर पडत नाही.

सिनियरांनी नव्यांना एका रांगेत उभं करून "ओळख" म्हणून काहीतरी करायला लावणं हा खेळ नव्हे. खेळात सगळ्यांवर पाळी येते आणि सगळ्यांना उठून जाता येतं. एका बाजूने फक्त हुकूम सोडायचे आणि दुसऱ्याने मुकाट करायचे, याला रॅगिंग म्हणतात. त्यात सामील होऊ नका, बघत उभे राहू नका, आणि तुमच्यावर आलं तर त्याच रात्री वॉर्डनला किंवा विद्यापीठाच्या तक्रार यंत्रणेला लेखी कळवा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहून ठेवा.

आणखी एक. खेळताना फोनवर चित्रण करायचं असेल तर विचारून. हसताना, हरताना, नाचताना माणूस खोलीतल्या दहा जणांसमोर मोकळा होतो, हजार जणांसमोर नव्हे.

डावातला भिडू मित्र कधी होतो?

जेफ्री हॉल या कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकाने २०१८ मध्ये नव्या मैत्रीला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यात विद्यापीठात नुकतेच आलेले विद्यार्थीही होते. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, त्यापुढे चांगली मैत्री व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास लागतात, असा त्याचा अंदाज. शिवाय एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांपेक्षा मोकळेपणी एकत्र घालवलेले तास जास्त उपयोगी पडतात. रोज तासभर पत्ते खेळलात तर ५० तास व्हायला सात-आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यातच "माझे इथे कुणाशी जमत नाही" असं वाटत असेल, तर हा हिशेब आठवा.

तास मोजताना एवढंही बघा की सगळे डावावरच जात नाहीत ना. डाव संपल्यावरची दहा मिनिटं महत्त्वाची असतात. पत्ते गोळा करताना, बोर्ड उभा करून ठेवताना, खोलीकडे चालत जाताना. तेव्हा घाई करू नका. पेपर कसा गेला, घरी बोलणं झालं का, बरं नव्हतं ते आता कसं आहे, हे त्याच वेळी विचारलं जातं. आणि रोज येणारा एखादा दोन-तीन दिवस दिसला नाही, तर कॅट न घेता त्याच्या दारावर जा.

भांडण होईलच. चेंडू कडेला लागला की नाही यावरून दोन शहाणी माणसं आठवडाभर अबोला धरतात. त्यांना समोरासमोर बसवून मिटवायला जाऊ नका. पुढच्या डावात एकाच बाजूला टाका. आणि रोज तेच सहा जण एकत्र बसायला लागले, तर जोड्या फोडायची, दुसऱ्या मजल्याला आव्हान द्यायची वेळ झाली असं समजा. बाहेरून येणाऱ्याला तुमचा घोळका भिंतीसारखा दिसायला लागलेला असतो.

परीक्षा जवळ आली की रोजची बैठक बंद करून आठवड्यातून एकदा, तीही जेवणानंतर अर्धा तास ठेवा आणि तसं दारावर लिहून लावा. माफिया, चिठ्ठ्या, चमचे सगळं कपाटात. टेबल टेनिस फार तर दुपारी, कारण तो टकटक आवाज रात्री दोन मजले ऐकू जातो. बुद्धिबळाचा पट मात्र हलवू नका. त्याला आवाज नाही, दिवसाला एक चाल, आणि बाराला अभ्यासातून उठून पाय मोकळे करायला निघालेल्याला वहीत डोकावायला कारण मिळतं.